ओढ्यापासून तीस फूट

मी बोलतोय तो कुरणाच्या कोपऱ्यावरून. डावीकडे ओढा, उजवीकडे गाई आणि मध्ये मी, निलगिरीचा एक खांब. ओळीतल्या बाकीच्या खांबांना तार नुसती धरायची असते, मला ती दोन्ही बाजूंनी ताणून धरावी लागते. म्हणून मी सगळ्यांत जाड. बढाई मारत नाही हं. कोपऱ्याचा खांब झुकला की सगळं कुंपण सैल पडतं, आणि याची धास्ती मला पहिल्या दिवसापासून आहे. फांदी मोडली तरी मी दचकतो. पण दचकणं वेगळं आणि हलणं वेगळं.

झाड असतानाचं फारसं आठवत नाही. करवत आठवते, बुंध्याला फासलेलं गरम डांबर आठवतं. तिथून मी ट्रकने एका कार्यालयाच्या आवारात आलो आणि भिंतीलगत आडवा पडलो. अर्ज भरायला आलेले लोक माझ्यावरच बसायचे. त्यांच्या बोलण्यातून मला माझं काम कळलं. ज्यांची जनावरं ओढ्यात उतरतात, त्यांनी काठापासून तीस फूट सोडून कुंपण घालायचं आणि जनावरांना प्यायला वरच्या बाजूला हौद बांधायचा. निम्मा खर्च कार्यालयाचा, निम्मा शेतकऱ्याचा, आणि आपला वाटा अंगमेहनतीने दिला तरी चालेल. करार दहा वर्षांचा. तीस फूट म्हटलं की बहुतेक जण कपडे झटकून उठायचे.

एक बाई मात्र उठली नाही. तिने अर्जाचा प्रत्येक रकाना दोनदा वाचला. गोठ्याचं सगळं काम तिच्याकडे होतं. नवरा दुधाचा टँकर चालवायचा, आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. त्या वर्षी तिची तीन वासरं हगवणीने गेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ओढ्याचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि नंतर सांगितलं, की वर तुमच्या गाई पाण्यात उभ्या राहून घाण करतात आणि खाली गोठ्यामागे तुमचीच वासरं तेच पाणी पितात. आणखी एक गाय दोन महिन्यांत व्यायची होती. हे वासरू सूनबाईला जगवायचं होतं.

सूनबाई म्हणतो, कारण घरात तिला तेच म्हणत. जमीन सासऱ्यांच्या नावावर. शेजारीपाजारी त्यांना पाठीमागे ‘इंचभर’ म्हणायचे, बांधावरचा इंचभरही त्यांनी कधी कुणाला सोडला नव्हता म्हणून. सही केली त्यांनी, पण मग चार दिवस जेवताना एकच पालुपद. ओढ्याने आपल्याला कधी काही लिहून दिलंय का? मग आपण का लिहून द्यायचं?

मोजणीच्या दिवशी टेपचं एक टोक सूनबाईच्या हातात होतं. दुसरं घेऊन सासरे काठाखाली उतरले. उन्हाळ्यात पाणी आकसून ओढ्याच्या मधोमध गेलं होतं. खालून आवाज आला, ‘‘धरलंय, ओढ.’’ तिने तीस फुटांवर खुंटी ठोकली. काठाच्या उंचवट्यामुळे तिला खालचं दिसत नव्हतं. मी काठावरच्या गवतात आणून टाकलेला, मला दिसत होतं. टोक काठावर नव्हतं, पाण्यात होतं. नऊ फुटांचा घोळ, आणि पुढच्या प्रत्येक खुंटीला तोच. पण खांबाला विचारतं कोण?

तिथेच मला पुरलं, पायाशी दगड ठोकून भरले. माझ्यामागून पंचेचाळीस जण उभे राहिले. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी तार ओढली. हौद बांधून झाला, नळ आला. सूनबाई संध्याकाळी कुंपणावरून हात फिरवत गेली, तेव्हा मला फार अपराधी वाटलं.

मग तपासणीला एक तरुण बाई आली, स्वतःचा टेप घेऊन. तिने चार ठिकाणी मोजलं, मग पुन्हा चारही ठिकाणी मोजलं. एकवीस फूट. सासऱ्यांना ती शांतपणे म्हणाली, ‘‘आजोबा, माप काठापासून धरायचं असतं. पाण्याचं काय, आज इथे, उद्या तिथे.’’ वीस दिवसांत कुंपण मागे घेतलं नाही तर करार रद्द होणार होता, मिळालेली मदत परत द्यावी लागणार होती आणि तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. सासरे बुटाच्या टोकाने एक खडा इकडून तिकडे सरकवत राहिले. गाय व्यायला महिना उरला होता.

नवरा फोनवर म्हणाला, जाऊ दे, नशिबात नव्हतं म्हणायचं. सूनबाई म्हणाली की नशिबाचा प्रश्न नाही, सेहेचाळीस खड्ड्यांचा आहे. आठवड्याच्या शेवटी तो घरी आला आणि जाताना टँकरचा जॅक ठेवून गेला. टायर बसला तर काय करशील, तिने विचारलं. तो म्हणाला, तिथेच बसून तुझी आठवण काढीन.

ती धार काढून यायची आणि उन्हं तापेपर्यंत खणायची. खांबाला साखळी गुंडाळायची, साखळीखाली जॅक, आणि खांब बोटाबोटाने वर. रोज तीन खांब. तळहाताला फोड आले तेव्हा तिने फडकं बांधलं आणि तीनच खांब काढले, दोन नाही.

सातव्या दिवशी सासरे पहार घेऊन आले. त्यांनी एक खड्डा खणला, दुसरा खणला. मग पहारीवर टेकून म्हणाले,

‘‘टेपचं टोक मी पाण्यात धरलं होतं. चुकून नाही.’’

‘‘तपासणीच्या दिवशी कळलं मला. मोजणीनंतर तुमचे बूट दोन दिवस वाळत होते, ते आठवलं.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलत बसले असते तर खड्डे कुणी खणले असते, बाबा? या, इकडून दाबा.’’

मला त्यांनी सर्वांत शेवटी काढलं. घट्ट बसणं एवढंच मला येतं, त्यामुळे दोघांचा घाम निघाला. नवा खड्डा सासऱ्यांनी स्वतः मोजला. एकोणिसाव्या दिवशी तपासणीची बाई आली. माझ्यापाशी तिचा टेप एकतीस फूट दाखवत होता. तिने वर पाहिलं. सासरे म्हणाले, तुमचा टेप सैल असेल.

ते वासरू जगलं. हौदाचं पाणी पिऊन मोठं झालं आणि आता त्याला स्वतःची दोन वासरं आहेत.

याला आठ वर्षं झाली. माझ्या डावीकडे छातीएवढं गवत आहे, आणि पाऊस ओसरला की दोन दिवसांत पाणी निवळून ओढ्याचा तळ दिसतो. मी मात्र पायातून मऊ पडलोय. परवा सूनबाईने माझ्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, तो अर्धा आत गेला. सोबत आलेला तिचा धाकटा दीर म्हणाला, दोन वर्षांनी करार संपतोय, खांब बदलायचाच आहे तर तेव्हाच बदलू, आणि कुंपण काठापर्यंत पुढे घेऊ, तेवढीच चराई वाढेल.

दोन वर्षं मी निभावतो, तारेचा ताण अजून पेलतोय. पण त्यानंतर जो कुणी मला काढायला येईल, त्याला माझं आत्ताच सांगणं आहे. मला खुशाल काढा, चुलीत घाला. माझ्या जागी दुसरा लावा, माझ्यापेक्षा जाड मिळाला तर उत्तमच. खड्डा मात्र हाच ठेवा.