अकुआचे स्टूल आणि वकीलबाईंचा प्रश्न

तुम्ही आमच्या घरी आलात तर मी तुम्हाला बहुधा कुशीवर पडलेले दिसेन. मित्रांनो, मला कोणी लाथ मारलेली नसते. आम्हा असांते लोकांत मालकीण उठली की तिचे स्टूल आडवे करून ठेवतात. ते रिकामे उभे राहिले तर एखादा भटका आत्मा येऊन बसतो आणि मग मालकिणीची कंबर धरते, असे म्हणतात. इतक्या वर्षांत माझ्यावर एकही आत्मा बसला नाही. कोंबड्या मात्र पुष्कळ बसल्या.

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. अह्विया गावच्या कारागिराने मला एकाच पांढऱ्या ओंडक्यातून कोरून काढले. माझी बैठक दोन्ही कडांना वर वळलेली आहे, तिच्यावर बसले की मांडीत घेतल्यासारखे वाटते. याव आम्पोन्सेम नावाच्या तरुणाने मला विकत घेतले आणि लग्नात आपल्या बायकोला, अकुआला, दिले. आमच्याकडे नवऱ्याची पहिली भेट हीच असते. बायकोने बसावे, स्थिर व्हावे, एवढाच तिचा अर्थ.

अकुआ बसली, पण स्थिर कधी झाली नाही. पहाटे माझ्यावर बसून तिने विकायच्या पावाची कणीक मळली. दुपारी फूफूसाठी उकडलेले कंद कुटताना तिची मुलगी मुसळ मारायची आणि अकुआ माझ्यावर बसून उखळातला गोळा उलटायची. त्या पावाच्या जोरावर घर उभे राहिले. आम्पोन्सेम कोकोच्या मळ्यात राबायचा आणि अकुआ भट्टीपुढे. दर पावसाळ्यापूर्वी भिंतीला सिमेंटच्या विटांची आणखी एक ओळ चढायची. शनिवारी ती मला वाळूने आणि लिंबाने घासायची, तेव्हा मी दुधासारखे पांढरे दिसायचे. शेजारणी म्हणायच्या, "अकुआ, स्टूल घासतेस की नवरी सजवतेस?" ते कौतुक मला फार आवडायचे.

पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पाहुणे त्यांच्यावर बसू लागले आणि मी स्वयंपाकघराच्या मागच्या ओसरीत गेले. कोंबड्यांचे प्रकरण तेव्हाचेच. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

मग शेजारी एक मरण झाले. फोफिएचा नवरा गेला आणि चाळिसावा दिवस उलटताच नवऱ्याच्या कुळातल्या लोकांनी घराला कुलूप घातले. मित्रांनो, आमच्याकडे मूल आईच्या कुळाचे असते. म्हणून कुळाची मालमत्ता माणसाच्या मुलाकडे जात नाही, त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जाते. बायको तर नवऱ्याच्या कुळाची कधीच होत नाही, मग ती जन्मभर त्याची चूल का फुंकेना. फोफिए आमच्या दारावरून गेली तेव्हा तिच्या डोक्यावर भांडी होती आणि काखेत तिचे स्टूल. भांडी आणि स्टूल, एवढेच निर्विवाद बाईचे. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. अकुआला जर कधी घर सोडावे लागले तर तिच्या काखेत मीच असणार होते.

अकुआलाही तेच दिसले असावे. रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, एखादा वकील बघा. कागद करून ठेवा."

"मी काय लगेच मरतोय?" आम्पोन्सेम खेकसला.

"फोफिएचा नवराही लगेच मरत नव्हता."

आम्पोन्सेमने पुढचा घास जरा उशिराच घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने कुमासी शहरात फोन लावला. वकील शोधायला कुठे जायचे नव्हते, कारण त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा कोफी बाफोर वकीलच होता. सगळे म्हणाले, घरचाच वकील असताना बाहेर कशाला? बाफोर मनाने चांगला होता. गाडीतून उतरतानाही फोनवर बोलत होता. अकुआने पाणी आणले ते त्याने हातात धरून तसेच ठेवले, आणि कशासाठी आलास हे विचारायची वेळही त्याने येऊ दिली नाही. आमच्याकडे आधी पाणी, मग येण्याचे कारण आणि मग बाकीचे बोलणे असते.

"मामा, काही काळजी करू नका. घर मामीला आणि मळा मुलांना, एवढंच ना? पुढच्या आठवड्यात कागद पाठवतो. तुम्ही फक्त सही करा."

कागद आला. जाड, गुळगुळीत, लाल रिबिनीचा. आम्पोन्सेम खूश झाला. अकुआ मात्र माझ्यावर बसून राहिली. घरासाठी कोर्टात जाऊन आलेल्या फोफिएला तिने गाठले आणि तिच्याकडून एका वकीलबाईंचे नाव आणले, अबेना ताचिवा.

आम्पोन्सेम हसतच सुटला. "जी केस हरली तिच्याकडून वकिलाचं नाव आणतेस? उद्या बुडालेल्याकडून होडी विकत घे!"

"हरली," अकुआ म्हणाली. "पण ती हरणार हे तिला आधी सांगणारी ही वकीलबाई एकटीच होती. बाकीच्यांनी नुसती आशा लावली."

आम्पोन्सेमचे गुडघे दुखत म्हणून वकीलबाई घरी आल्या. उंच, सडसडीत, चपलांना लाल माती लागलेली. पाणी पूर्ण प्याल्या. येण्याचे कारण रीतसर सांगितले. मग त्यांनी कागदाला हातही लावला नाही. घराभोवती एक फेरी मारली, भट्टी पाहिली, माझ्याकडेही एकदा पाहिले, आणि येऊन विचारले, "बाबा, ही जमीन कुणाची?"

"घर मी बांधलंय."

"घर तुम्ही बांधलंत. आईंनी पाव भाजून बांधलं. मी जमिनीचं विचारतेय."

आम्पोन्सेमने गुडघा चोळला. मग म्हणाला, "माझ्या मामाने दिली. कुळाचीच होती."

"दिली म्हणजे तुमच्या नावावर केली, की बांध म्हणाला?"

"बांध म्हणाला."

तेव्हा ताचिवाबाईंनी तो जाड कागद वाचला. "इंग्रजी फार सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पण माणूस मृत्युपत्रात आपलंच देऊ शकतो. कुळाच्या जमिनीवरच्या घरात तुम्ही जन्मभर राहू शकता, पुढे ते कुळाचंच होतं. मळा तुम्ही स्वतः घेतलात, तो द्या कुणालाही. घर या कागदात मावत नाही."

अकुआच्या हातातले ताट खाली पडले. इतकी वर्षे विटा रचताना हा एक प्रश्न कोणीच विचारला नव्हता. आम्हा लोकांचे हेच चुकते. भिंत आपली म्हणून खालची मातीही आपलीच, असे आम्ही धरून चालतो.

"मग माझा भाचा असं कसं लिहितो?" आम्पोन्सेम लाल झाला.

"त्याने विचारलं नसेल. आणि तुम्ही त्याला अवघड जागी बसवलंत. तुमच्या मागे कुळाचा वारस तोच. ज्याच्या ताटात पडणार, त्याच्याच हाती वाढायचा चमचा देऊ नये. माणूस भला असला तरीही."

"मग उपाय काय?"

"आत्ता सही नको. आधी कुळाच्या मुख्य म्हाताऱ्यांना आणि तुमच्या बहिणीला बोलवा. तुमच्या हयातीत, सगळ्यांदेखत, कुळाने ही जागा आईंना द्यावी. आईंनी आभाराची दारूची बाटली द्यावी आणि त्यांनी ती घ्यावी, म्हणजे देणं पक्कं होतं. मग मी ते कागदावर उतरवेन."

"माझ्याच घरासाठी मी बहिणीपुढे हात पसरू?"

"हो," ताचिवाबाई म्हणाल्या. "आज तुम्ही पसरा. नाहीतर उद्या या पसरतील, आणि तेव्हा तुम्ही बाजूला नसाल."

आम्पोन्सेमने दोन दिवस सही लांबवली. बाफोरचा कागद टेबलावर आणि पेन त्याच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी त्याने पेन खिशात घातले आणि बहिणीला निरोप धाडला.

थोरली बहीण, बाफोरची आई पिनामान म्हणजे आमच्या गल्लीचा धाक. ती आली, कुळाचे म्हातारे आले, बाफोर आला, ताचिवाबाईही आल्या. अंगणात खुर्च्या मांडल्या. अकुआला मात्र मीच हवे होते. मी बऱ्याच दिवसांनी माणसांत आले, घासून स्वच्छ होऊन. आम्पोन्सेमने आपले म्हणणे मांडले. पिनामानने ऐकून घेतले आणि तोंड वाकडे केले.

"माझा नवरा गेला तेव्हा मी काय घेऊन आले? हेच, काखेत स्टूल. मला कुणी विचारलं होतं? आम्ही सोसलं, मग हिलाच काय सोनं लागलंय?"

ताचिवाबाईंनी मध्ये तोंड घातले नाही. अकुआने माझ्या वळलेल्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या, ते फक्त मला कळले.

"वन्सं," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

पिनामान भट्टीकडे वळली. मग म्हणाली, "सांगितलं असतं की ती चूल मी माझ्या हाताने लिंपली होती."

"ही भट्टी माझ्या हातची आहे, वन्सं."

बाफोरने घसा साफ केला. "आई, मी सगळ्यांसमोर बोलतो. हे घर मला नको. आणि मामा, मी विचारायला हवं होतं." पिनामान त्याच्यावर डाफरली, "तुला कुणी बोलायला सांगितलं?" पण तिचा आवाज उतरला होता. तिने म्हाताऱ्यांकडे पाहून मान हलवली. अकुआने जिनची बाटली पुढे केली. म्हाताऱ्यांनी ती घेतली, पूर्वजांसाठी जमिनीवर थोडी ओतली आणि जागा तिची झाल्याचे मोठ्याने सांगितले. त्यानंतरच ताचिवाबाईंनी पेन उघडले.

दोन वर्षांनी आम्पोन्सेम गेला. दुखवट्याच्या लाल-काळ्या कपड्यांनी घर भरले. चाळिसावा दिवस झाला आणि नवऱ्याच्या कुळाची माणसे दारात आली. अकुआ भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या पायाशी आडवे पडले होते. कागद होता, साक्षीदार होते, तरी आम्हा दोघांचा जीव मुठीत होता.

पिनामान सर्वांत पुढे आली. वाकून तिने मला उचलले. आता काखेत जायचे, असे मला वाटले. तिने मला भट्टीपुढे सरळ उभे केले, पदराने माझी बैठक पुसली आणि म्हणाली, "उभी काय राहिलीस? बस. तुझंच घर आहे हे."

मित्रांनो, मी अजून त्याच भट्टीपुढे आहे. तुमच्या घरी असा वकील निवडायची वेळ आली तर गोड बोलणारा किंवा नात्यातला म्हणून घेऊ नका. जो आधी पाणी पितो आणि मग नको असलेला प्रश्न विचारतो, त्याला घ्या. आणि माणूस धडधाकट असतानाच घ्या. आम्ही वेळेवर विचारले, म्हणून मी अकुआच्या खाली आहे. फोफिएचे स्टूल अजून तिच्या भावाच्या ओसरीत आडवे पडलेले आहे.