काबरीपुढची खूण

शिवहारला लाज नाही. काल हट्टा गावच्या मेळाव्यात शंभर मेंढपाळांसमोर बहिणीचं काम आपलं म्हणून सांगितलं, आणि आज सकाळी माझ्याच ओट्यावर पाय पसरून म्हणतो, "आज्जी, चहात साखर कमी पडली." साखर!

हा माझ्या थोरल्याचा मुलगा, पुण्याला कंपनीत असतो. दीपमाला धाकट्याची, कुरुंद्याहून रोज बसनं वसमतच्या कॉलेजात जाते, कॉम्प्युटर शिकते. मी दुसरीत शाळा सोडली, पण हे काम माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे. मला कोणी शिकवू नये.

पोरीनं आमच्या बेचाळीस मेंढरांची नोंद ठेवणारं वेब अ‍ॅप बनवलं. तिचं पहिलंच. रिअ‍ॅक्ट म्हणून काही असतं म्हणे. त्यात मेंढराची चौकट एकदाच लिहायची: नाव, आई कोण, लस दिली का. मग यादी दिली की तीच चौकट बेचाळीस वेळा उभी राहते.

"म्हंजी साच्यातल्या इटा," मी म्हणाले.

"व्हय आज्जी. पण हरेक ईट आपली खूण ध्यानात ठिवते."

खूण म्हणजे लस दिली की बोट लावून करायची ती. नावं मी सांगायची, ती लिहायची. असे दोन महिने गेले.

पोळ्याच्या आधी ढवळीला लांडग्यानं नेलं. दीपमालानं यादीतून तिचं नाव काढलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. ढवळीच्या जागी काबरी वर सरकली होती, आणि काबरीपुढं लस दिल्याची खूण!

"काबरीला सुई दिलीच न्हाई," मी म्हणाले. "त्या दिवशी ती व्याली व्हती. म्या डॉक्टरला हात लावू दिला न्हाई."

शिवहार तेव्हा सुट्टीवर आलेला. खाटेवरून उठलासुद्धा नाही. "आज्जी, तुझं वय झालं. मशीन चुकत नसते."

दीपमाला हसली नाही. दोन दिवस माझ्याजवळ बसून एकेक नाव काढून बघत राहिली. मेंढरं वर सरकायची, खुणा जागच्या हलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कपाळावर हात मारून म्हणाली, "आज्जी, म्या चौकटी रांगेतल्या नंबरानं ओळखल्या. तिसऱ्या नंबरची खूण तिसऱ्या नंबरलाच चिकटून ऱ्हायली. तिथं मेंढरू कोणतंबी येवो."

"रांगेनं कोण मेंढरू ओळखतं गं? शिकून येडी झालीस का? रांग तर रोज मोडते. आपण आईवरून ओळखतो. काबरी म्हंजी भुरीची, पैल्या वेताची."

ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. मग तिनं प्रत्येक मेंढराला आई आणि वेत धरून कायमची ओळख दिली. जुळी असली तर थोरली-धाकटी. पुन्हा एक नाव काढून बघितलं. खुणा आपापल्या मेंढराबरोबर सरकल्या. काबरीपुढची जागा रिकामी. गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या किसनराव डॉक्टरांना बोलावून तिला सुई दिली. त्यांनीच दीपमालाला सांगितलं, "मेळाव्यात दाखव बाई हे. ज्यानं बनवलं त्यालाच अकरा गावांच्या कळपांचं काम देऊ."

"मी नेटवर चढवून देतो," शिवहार म्हणाला. चढवताना पानाच्या खाली स्वतःचं नाव घातलं. काल माईक हातात घेतला आणि म्हणाला, "हे मी बनवलं. बहिणीनं नावं भरायला मदत केली."

टाळ्या पडल्या. किसनराव माझ्याकडं बघू लागले. दीपमालानं माझा पदर घट्ट धरला. "आज्जी, लोकांत नको. घरचं हाय." आणि भर बाजारात दलालाची गचांडी धरलेली मी गप्प बसले. मी बोलत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी अकरा गावांच्या कामाच्या कागदावर शिवहारचं नाव लिहिलं.

आता हा साखर मागतो आहे.

"काल तसं काहून केलंस?" मी विचारलं.

"आज्जी, तुला न्हाई कळायचं. पोरीच्या भरवशावर अकरा गावं कोण देतं? अन् ती उद्या लग्न होऊन जाणार, तिचं नावच बदलणार. माझं नाव म्हंजी आपल्या घराचं नाव की."

चुलीपुढं दीपमाला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. घरातल्या पुरुषापुढं गप्प बसायला तिला मीच शिकवलं होतं.

मी उभी राहिले.

"शिवहार, तू चोर हायेस. काल म्या तोंड उघडलं न्हाई, तेवढा गुन्हा माझा. डॉक्टरला मी सोता सांगीन की ही कौशल्याबाई नातवाची लाज झाकत बसली व्हती. पण आधी तू फोन लाव. हितंच, हिच्यासमोर. हे दीपमालानं केलं, म्या न्हाई, असं नीट सांग. मग त्या पानावरचं तुझं नाव काढ. ते होईस्तोवर ह्या घरातली भाकर तुला न्हाई. अन् तिच्या नावाचं म्हणशील, तर लग्नानंतर ते बदलंल न्हाईतर ऱ्हाईल, तिचं ती बघंल. तू त्याच्यावर हात टाकायचा न्हाई."