पाइपावरचं टोपण

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी गुरुशांतला सांगितलं, की दानेश्वरी गेली. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. आदल्या दुपारी कामावर तिला नुसता खोकला लागला होता. घरी येऊन तिनं भाकरीसुद्धा थापल्या होत्या.

नवरा-बायको सोलापुरातल्या एका छोट्या तपासणी लॅबमध्ये कामाला. ती टॉवेलचे तुकडे नायट्रिक ॲसिडात उकळून रंगातले धातू तपासायची. हा तिथला फिटर. उकळताना निघणारा तांबूस धूर हूडच्या, म्हणजे काचेच्या कपाटाच्या, पंख्यानं ओढला जायचा आणि गच्चीवरच्या पाइपातून बाहेर पडायचा.

उन्हाळ्यात लॅबची शेजारीण भांडायला आली. "तुमच्या धुराचा वास मारतोय की पापडाला!"

मालक म्हणाले, "गुरुशांत, कायतरी करून टाक बाबा."

त्यानं पाइपाच्या तोंडावर पत्र्याचं टोपण ठोकलं. बोटभर फट ठेवली. चार दिवसांपुरतं म्हणून. शेजारणीचे पापड डब्यात गेले, टोपण तसंच राहिलं.

"डोळे लई चुरचुरतात हो," दानेश्वरी म्हणाली होती.

"काच खाली घे की. पंखा चालू हाय, आवाज येत न्हाय व्हय?"

"येतोय. तुमच्यासारखाच. नुसता आवाज."

तो हसला होता. गच्चीवर मात्र गेला नाही. सोमवारी बीकर उतू गेलं आणि धूर खोलीतच कोंडला. असा धूर आधी नुसता खोकला आणतो, फुप्फुसांत पाणी भरतं ते काही तासांनी.

माती झाल्यावर मालक गुरुशांतच्या सासूला म्हणाले, "घाईत काच वर ठेवली असणार बाईंनी." तो शेजारीच उभा होता.

पुढच्या आठवड्यात अपघाताच्या चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांना त्यानं गच्चीवर नेलं, टोपण दाखवलं, हे मीच ठोकलं असं लिहून देऊन सही केली. मालकांनी बोलणं टाकलं. त्याला वाटलं होतं, जरा हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

घरी आला तर मैंदर्गीहून आलेली सासू, काशम्मा, लेकीच्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"लहानपणापासनं घाई लई तिला," ती डोळे पुसत म्हणाली. "कितींदा सांगितलं, जरा दमानं घे. ऐकली न्हाय. तुमाला एकटं टाकून गेली बघा, जावईबापू."

त्यानं तोंड उघडलं, आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं.

याला दोन महिने झाले. काशम्मा अजून लेकीलाच बोल लावते. गुरुशांतनं तिला अजून सांगितलेलं नाही.