शिंदळमाकडीचा आकडा

विरुपाक्ष सरांनी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण एकाही वनस्पतीने त्यांना दाद दिली नव्हती. निवृत्तीला दोन महिने उरले असताना शिंदळमाकडीने ती दिली. ही माळावरची बुटकी, मांसल काडी. मेंढरांमागे हिंडणारे लोक ती जाता जाता मोडून खातात आणि विसरून जातात. धम्मप्रियाची पीएचडी मात्र तिच्यावरच चालली होती, सरांच्या हाताखाली.

प्रकरण तसं सोपं होतं. हवेत कार्बन हलकाही असतो आणि जडही. साधी झाडं दिवसा हवा घेतात आणि त्यातला हलका निवडून घेतात. ती वाळवून कुटली की पुडीतल्या जड कार्बनाचा आकडा वजा सत्तावीसच्या आसपास येतो. मांसल झाडं पाणी वाचवायला रात्री रंध्रं उघडतात आणि फार निवडानिवड करत बसत नाहीत. त्यांचा आकडा वजा चौदा. शिंदळमाकडीचाही वजा चौदाच येणार, यात कुणाला शंका नव्हती. परगावच्या प्रयोगशाळेतून आला वजा वीस.

सरांनी तो कागद तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि जाहीर केलं की ही वनस्पती दोन्ही वाटांनी चालते. पाऊस असला की दिवसा, नसला की रात्री. परिषदेला निबंध गेला, तो स्वीकारलाही गेला. कॉलेजच्या फाटकावर सरांचा फ्लेक्स लागला. त्यात ते हसत होते. कॉलेजात हे आधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

धम्मप्रियाने घरी बातमी सांगितली तेव्हा तिची आई केसरबाई सात रस्ता चौकातल्या दुकानाला द्यायच्या शेंगाचटणीच्या पुड्या बांधत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझाबी हात लागलाय की त्याला."

कसला हात, ते विचारल्यावर कळलं. प्रयोगशाळेने बाटली खुणेपर्यंत भरून मागितली होती. धम्मप्रियाची पूड कमी पडत होती आणि ती संध्याकाळभर त्यावरून कुरकुरत होती. सकाळी पाहिलं तर पूड बरोबर खुणेला. आदल्या दिवशी आपल्याच डोळ्यांनी दगा दिला, असं समजून तिने बाटली उचलून सरांकडे तपासायला आणि सील करायला दिली होती. डोळे ठीक होते. केसरबाईच्या घरातून बावीस वर्षांत कमी मापाचं काही बाहेर गेलेलं नव्हतं, आणि पोरीच्या अभ्यासापासून ती सुरुवात करणार नव्हती.

"तिखट न्हवतं घातलं अजून," केसरबाई म्हणाली. "नुसते दाणे आन् लसूण. रंगबी तसाच व्हता."

धम्मप्रियाला जेवण गेलं नाही. भुईमूग साध्या झाडांतला. वजा सत्तावीस आणि वजा चौदा एका बाटलीत ढवळले की वजा वीस येतात, हे सहावीतल्या पोरालाही जमलं असतं. गप्प बसावं, तर सर मानाने निवृत्त होणार होते आणि तिलाही पदवी मिळणार होती. बोलावं, तर एका माणसाच्या एकतीस वर्षांतली एकुलती एक गोष्ट तिला मोडावी लागणार होती. आईवर रागवावं असंही तिला वाटलं, पण राग येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरांना सगळं सांगितलं, आईचं नावही सांगितलं. सर ओरडतील, अशी तयारी तिने ठेवली होती. सर उठले, कपाटातून प्रयोगशाळेने परत धाडलेली बाटली काढली आणि न उघडता टेबलावर ठेवली.

"लसणाचा वास मला सील करतानाच आला होता," ते म्हणाले. "वाटलं, माझ्या डब्याचा असेल. आकडा आल्यावर कळलं की डब्याचा नव्हता. पुन्हा उघडून बघायचा धीर झाला नाही."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं धम्मप्रियाला वाटलं.

सरांनी कोरा कागद ओढला आणि निबंध मागे घेत असल्याचं पत्र परिषदेला लिहिलं. खाली फक्त स्वतःची सही केली. माझंही नाव निबंधावर आहे, ती म्हणाली. तुझं काम अजून व्हायचंय, सर म्हणाले, नवे नमुने आण. मग त्यांनी पत्र तिच्यापुढे सरकवलं. कारण एकाच ओळीत होतं: भेसळ असलेला नमुना मी स्वतः तपासून पाठवला होता. त्या ओळीत खोटं काहीच नव्हतं, आणि ती वाचताना धम्मप्रियाला रडू आलं.