दारात आलेल्या बायकांची सरासरी

साठ घरांतल्या बायकांची वजनं घ्यायची, सरासरी काढायची आणि तीच शहरातल्या नऊ हजार घरांची धरायची, असं ठरलं होतं. सरासरी पन्नास किलोच्या वर गेली, तर निराधार बायकांचं दुपारचं मोफत जेवण बंद होणार होतं.

पाहणीवाल्या बाई काटा घेऊन शेवटच्या घरी आल्या. दार उघडणारी सून काट्यावर चढली. सत्तावन्न.

"घरात अजून कोणी बाई?"

"नाही हो, मी एकटीच."

बाई हात धुवायला मोरीकडे गेल्या, तर तिथे एक बाई खरकटी भांडी घासत बसलेली.

"या कोण?"

"त्या होय? मोठ्या जाऊबाई. दीर गेल्यापासून आमच्याकडेच असतात. त्यांना काय धरायचं? उरलंसुरलं खातात, पडून राहतात."

हे सांगताना तिला लाज म्हणून वाटली नाही. शिसारी यावी ती याचीच.

"माझं वजन राहू द्या," जाऊबाई म्हणाल्या. "तेवढं दुपारचं जेवण बंद करू नका. पोटभर तिथेच मिळतं."

बाईंनी हाताला धरून त्यांना काट्यावर उभं केलं. एकतीस.

कचेरीत साहेबांनी तो आकडा पाहून नाक मुरडलं.

"हा आकडा खोडून टाका. बाकीची सरासरी चोपन्न येते, छान आहे. एकीने काय फरक पडतो?"

"एक मला चुकून दिसली, साहेब. न दिसलेल्या किती? आपण दारात आलेल्यांनाच मोजलं. यावरून नऊ हजार घरांचं काय सांगणार?"

"तुम्ही सही करा. अक्कल शिकवू नका."

"यादीत तिसरं घर तुमचं आहे. तुमच्या विधवा वहिनी चार वर्षं तिथे राहतात. त्यांचं वजन कुठाय?"

"ती घरातली थोडीच आहे? राहते आपली."

शिकलेला माणूस. इस्त्रीचा सदरा. आणि तोंडात हे. बाईंना तिथे बसवेना.

"माझी सही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "साठही घरं पुन्हा करते. तुमच्यापासून."

साहेबांच्या बायकोने दार अर्धवटच उघडलं. "आत कोणी नाही."

"असू दे. मी थांबते." बाईंनी काटा उंबऱ्याशी ठेवला आणि पायरीवर बसल्या. येणारेजाणारे बघू लागले.

बराच वेळ गेला. मग जावेला बाजूला सारून एक वाळलेली बाई बाहेर आली आणि काट्यावर उभी राहिली.