दांडा सुनेच्या हातात

काचेवर टकटक झाली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या हातात बिअरची दुसरी बाटली होती, तो कॅम्परच्या, म्हणजे आमच्या फिरत्या घराच्या, चालकाच्या सीटवर बसला होता आणि इंजिन चालू होतं. बाहेर पोलीसबाई उभ्या होत्या.

भर दुपार होती. तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये आम्ही सकाळीच गाडी लावली होती आणि उद्यापर्यंत हलणार नव्हतो. चालकाची सीट मागे फिरते. तीच आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची. तिच्यावर बसून तो भाताचं पातेलं खरवडत होता.

आणि इंजिन? ते लेकीसाठी. नवरा शाळेची बस चालवतो. आठवा महिना लागेपर्यंत त्याच बसवर मी अटेंडंट होते. त्यामुळे पोरीने पोटात असल्यापासून अंगाई ऐकली ती इंजिनचीच. आता पाच महिन्यांची झालीय, तरी किल्ली फिरवली की दोन मिनिटांत डोळे मिटते.

"इंजिन बंद करा. किल्ली माझ्याकडे," पोलीसबाई म्हणाल्या. त्यांनी आत डोकावून बाटली पाहिली, सीट पाहिली. "गाडी कुणी सुरू केली?"

मी थेंबसुद्धा घेतला नव्हता, अंगावर पाजतेय. परवाना माझ्याकडेही आहे. एक शब्द बोलायचा होता, "मी". त्याच्या नावावर दारूची एक नोंद झाली, की शाळा त्याला पुन्हा बसमध्ये चढू देणार नव्हती. मी तोंड उघडलं.

"मी केली," नवरा म्हणाला.

त्या क्षणी मला त्याचा राग आला, देवाशपथ.

"पण मॅडम, गाडी चालवत नव्हतो हो. घरच आहे हे आमचं दोन दिवसांचं."

"घराला चाकं नसतात," त्या म्हणाल्या. "प्यालेला माणूस, चालकाची सीट, चालू इंजिन. गाडी हलली का, हे कायदा विचारत नाही. तुम्ही ती हलवू शकला असता का, एवढंच विचारतो."

"नसतो शकलो. चारही जॅक खाली आहेत, गाडी त्यांच्यावर टेकलीय. असं नेलं तर मोडतील."

त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. "जॅक काय, दोन मिनिटांत वर होतात. फिरवायचा दांडा कुठाय?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथमच जीव आला. "तिच्याकडे! आमच्या घरचा नियमच आहे. बाटली उघडण्याआधी दांडा सुनेच्या हातात. वडिलांनी घालून दिलाय, तेही ड्रायव्हर होते."

"दाखवा, ताई."

मी बाळाच्या पिशवीत हात घातला. तिथेच असतो तो नेहमी. खुळखुळा लागला, पावडरचा डबा लागला, झबली लागली. दांडा नव्हता. मी पिशवी पलंगावर उपडी केली. नाही. ओट्याखाली पाहिलं. नाही. सकाळी त्याने दिला होता, हे नक्की. लोखंडाचा, हातभर लांब. मी ठेवला कुठे? रात्रीत चार वेळा उठणाऱ्या बाईला विचारू नये असा प्रश्न.

"अगं, आठव ना," नवरा हळूच म्हणाला.

"आठवतेय! गप्प बस जरा."

"तुमच्या सीटखाली तर नाही ना?" पोलीसबाईंनी त्याला विचारलं. त्यांनी वही उघडली होती. भात चिकटलेल्या बोटांनी तो गुडघा चोळत राहिला.

इंजिनचा आवाज थांबला होताच. व्हायचं तेच झालं. पोरगी जागी झाली आणि तिने टाहो फोडला. उचलली तर खालून चिंब. पेनाचं टोपण निघालेलं दिसत होतं, पण ओलं पोर काही थांबत नाही. कोरडा लंगोट पिशवीत नव्हता. सगळे धुऊन मागे वाळत घातले...

"मागे!" मी ओरडलेच. "या, मागे या!"

दोरी घरी विसरले होते. म्हणून सकाळी मागच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये दांडा अडकवला होता आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर नऊ लंगोट गाठी मारून बांधले होते.

पोलीसबाईंनी वाकून दांडा पाहिला. मग एकेक लंगोट चाचपला.

"कापड खडखडीत वाळलंय. गाठी आतून ओल्या आहेत, म्हणजे मधे सोडलेल्या नाहीत. कधी बांधले?"

"आठच्या सुमाराला. बाटल्या जेवताना उघडल्या."

"आणि हे सोडवायला किती वेळ लागेल?"

"त्याला?" मी म्हणाले. "संध्याकाळ होईल. त्याला साधा लंगोट बांधता येत नाही."

त्या हसल्या नाहीत. दांड्याचा आणि जॅकचा फोटो काढला, बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला. तेवढ्या वेळात नवरा माझ्याजवळ आला. लेक आमच्या दोघांच्या मध्ये रडत होती.

त्या परत आल्या. "गाडी चालवण्याच्या स्थितीत नव्हती, असं लिहितेय. गुन्हा नाही, ताकीद. पण उद्या सकाळपर्यंत इंजिन बंद, किल्ली ताईंकडे. आणि पुन्हा प्यायल्यावर त्या सीटवर दिसलात तर लंगोट वाचवणार नाहीत."

नवऱ्याने हात जोडले.

"पण मॅडम, ही झोपणार कशी आता?" त्याने विचारलं.

"तोंडाने वाजवा ना इंजिन," जाता जाता त्या म्हणाल्या. "त्याला अजून परवाना लागत नाही."

मी पहिली गाठ सोडवायला घेतली. तळ्याकाठच्या बाकावर बसून, लेकीला छातीशी धरून, तो ओठ मिटून घुर्रर्र करू लागला.