लोखंडाच्या गोळ्या

बाबांच्या वर्षश्राद्धाचं पान आईने बाल्कनीच्या कठड्याआड ठेवलं. सिंगापुरात पक्ष्यांना खायला घातलं की दंड होतो, म्हणून कठड्यावर टॉवेल वाळत घालून तिने आडोसा केला होता. समोरच्या इमारतीवर कावळा येऊन बसला, पण जागचा हलेना.

"यांच्या मनात काहीतरी राहिलंय," आई म्हणाली. "रुचिरा, शब्द दे त्यांना. तुझ्यात जीव होता त्यांचा."

"अगं, इथला कावळा आहे तो. दंडाला घाबरत असेल."

"थट्टा पुरे. मी खीर आणते, तोवर बोल."

आई आत गेली. रुचिरा कावळ्याकडे बघत राहिली. तोही तिच्याकडेच बघत होता.

बाबा जहाजावर इंजिनियर होते. निवृत्तीनंतर त्यांना भाजी लावायचा नाद लागला. पावसात अनवाणी माती उकरली, पायावरच्या चिरेतून मातीतला जंतू अंगात शिरला. सुरुवातीला नुसती कणकण होती. ते पांढरेफटक दिसतात म्हणून आईने पुण्याहून आणलेल्या लोखंडाच्या गोळ्या सुरू केल्या आणि भाजीही लोखंडी कढईत करू लागली. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता.

रुचिरा शहरातल्या नोव्हेना भागातल्या प्रयोगशाळेत त्याच जातीच्या जंतूवर काम करायची. जंतूलाही जगायला श्वास लागतो. त्याच्या आत लोखंड असलेली प्रथिनं ओळीने उभी असतात आणि इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देतात, आग विझवायला माणसं बादल्या देतात तसे. लोखंड मिळालं नाही, तर ओळ तुटते. म्हणून तो माणसाच्या रक्तातलं लोखंड चोरतो, आणि जास्त मिळालं की फोफावतो. तिने वेगळं काढलेलं ते प्रथिन नळीत लालसर दिसायचं. नळी उजेडात धरली की तिला बाबांची रंग उतरलेली बोटं आठवायची, आणि त्या बोटांवर गोळी ठेवणारा आईचा हात.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "याचा श्वास कसा बंद करायचा ते मी शोधेन."

कावळा हलला नाही.

"तुमची भाजी जगवेन."

त्याने मान तिरकी केली. त्याला काय ऐकायचंय, ते तिला ठाऊक होतं.

"गोळ्यांचं आईला कधीच कळू देणार नाही."

पंख फडफडले. कावळा टॉवेलखालून आत घुसला आणि त्याने भाताला चोच लावली.

मागे वाटी खणकली. आई दारात उभी होती.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, लोखंडाच्या गोळ्या देताय का. हो म्हटलं, तर म्हणाले, आजच बंद करा," ती म्हणाली. "तेव्हाच मला शंका आली. वर्षभर तुला विचारायचं होतं. माझ्यामुळे गेले का गं?"

रुचिराच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण बाबांनी तिला आईशी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं.

"ते कोणालाच नक्की सांगता येणार नाही, आई. गोळ्या नसत्या, तरीही कदाचित..."

आईने मान हलवली, खीर पानात वाढली आणि ती रुचिराजवळ खाली बसली. कावळा दोघींकडे बघत खात राहिला. पानातलं सगळं संपलं, तरी तो उडून गेला नाही.